आम्ही बारा पावलं सरकवलेली हद्द

आमच्या घरासमोरच्या रस्त्याला टाउन लाइन म्हणत आणि तो किल्बी कॉर्नर्स या गावाच्या पोटातून सरळ जायचा, कलिंगड कापावं तसा. गाव म्हणजे तरी काय, एक किराणा दुकान, एक गॅरेज, एक शाळा, प्रॉटेस्टंटांचं विटांचं चर्च, चर्चमागे दफनभूमी आणि चाळीसेक घरं. नकाशात हा रस्ता दोन काउंट्यांची सीमा होता. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा, फक्त अभिमान मात्र अख्ख्या देशाला पुरून उरेल एवढा. त्या दोन काउंट्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन्हीकडचे काही म्हातारे अजून जिवंत आहेत आणि त्यांच्याकडे माझा फोन नंबर आहे. माझ्यासारख्या वसईच्या माणसाला हे सगळं कळायला वेळ लागू नये. आमची वसई ठाणे जिल्ह्यातून काढून पालघरात टाकली तेव्हा माझ्या चुलतभावाने टोरोंटोला फोन करून अर्धा तास शिव्या घातल्या होत्या, जणू ती सही मीच केली होती. पण सतरा वर्षांचा असताना मला कळण्यासारखं पुष्कळ होतं आणि कळत फार थोडं होतं. इंग्रजी मात्र घरात सगळ्यात चांगलं मला यायचं, म्हणून मी स्वतःला कुटुंबाचा परराष्ट्रमंत्री समजत असे.

रस्ता म्हणजे सीमा, हे किल्बी कॉर्नर्सला मान्य नव्हतं. गावाचं म्हणणं होतं की खरी सीमा रस्त्यावर नाहीच, ती दफनभूमीच्या मागे झाडीत आहे, जिथे मूळ मोजणीदाराने दगड रोवला होता. म्हणजे शाळा, चर्च, मेलेले आणि जिवंत असे सगळे पूर्वेकडच्या काउंटीचे. शंभर वर्षं हा वाद कोणी उकरला नव्हता. पत्रं पूर्वेकडून यायची, आगीचा बंब पूर्वेकडून यायचा, गावच्या बायकांचे पाय पूर्वेकडच्या जत्रेत बक्षिसं मिळवायचे. (इथे पाय म्हणजे सफरचंदाचे, ओव्हनमध्ये भाजलेले, आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिलाही वेगळंच वाटलं होतं.) मग सरकारने जुन्या काउंट्या मोडून नवे मोठे प्रदेश करायचं काढलं आणि सीमा एकदाची पक्की करायची ठरली. रस्ता धरला तर गावाचे दोन तुकडे होणार होते. पश्चिमेची पोरं बसने दहा मैल लांबच्या शाळेत जाणार, गावची शाळा बंद पडणार. दगड धरला तर गाव एकसंध राहणार होतं.

आमचं घर मिस्टर डॉब्सन यांच्या मालकीचं होतं. त्यांच्या शेतावरच्या गड्यासाठी कधीकाळी बांधलेलं, दोन खोल्या खाली, दोन वर, आणि हिवाळ्यात आतल्या भिंतीवर बर्फाची साय धरायची. पप्पा विमानाच्या कारखान्यात लेथ चालवत. शहरात अकरा घरं बघितली, प्रत्येक घर आम्ही दारात पोचेपर्यंत रिकामं असायचं आणि पोचल्यावर नुकतंच दिलेलं असायचं. बाराव्या दाराला डॉब्सन होते. त्यांनी पप्पांचे हात बघितले, उलटेपालटे करून, बैल विकत घेताना बघावे तसे, आणि किल्ली दिली. सत्तरी ओलांडलेला, ताडमाड, विधुर माणूस. बोलणं इतकं मोजकं की मी त्यांच्याकडून इंग्रजी शिकलो असतो तर आज मुका असतो. रविवारी आम्ही कॅथलिक चर्चमधल्या मिस्साहून, म्हणजे प्रार्थनेहून, परतलो की आई फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे, तळायची. नारळाचं दूध मिळत नसे म्हणून साधं दूध घालायची आणि दर वेळी त्याबद्दल स्वर्गातल्या आपल्या आईची माफी मागायची. वास सुटला की डॉब्सन काहीतरी निमित्त काढून यायचे, पंप बघायला, खिडकीची पट्टी बघायला. सहा फुगे खायचे, बाटली मसाल्याच्या मटणाचा रस्सा लावून, घाम पुसत, आणि जाताना आईला डोक्यावरची टोपी काढून दाखवायचे. आई त्यांना म्हातारबा म्हणायची. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी, त्यामुळे त्यांचं भांडण कधी झालं नाही.

घरातला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे टेलिफोन. एका तारेवर आठ घरं होती. प्रत्येक घराची घंटी वेगळी, आमची दोन लांब, एक आखूड. पण कोणाचीही घंटी वाजली तरी फोन उचलून ऐकता यायचं आणि सगळे ऐकायचे. आई तर भाजी निवडताना फोन मानेत धरून बसायची, रेडिओ लावावा तशी. शब्द कळत नसत, पण कोण चिडलंय, कोण रडतंय, कोणाचं नवीन जुळतंय हे तिला माझ्याआधी कळायचं. डॉब्सन ऐकायला लागले की ओळखू यायचं, कारण त्यांच्या फोनच्या वर भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं आणि त्याची टिकटिक तारेवर यायची. मग लोक हवापाण्यावर बोलायचे.

सीमेची बाजू डॉब्सन लढवत होते. विरुद्ध बाजूला गॅरेजवाला अॅटकिन्स. त्याची पन्नास एकर जमीन रस्त्याच्या पश्चिमेला होती, आणि तिकडच्या प्रदेशात गेली तर तिच्यावर घरं बांधायला मिळणार होती. अॅटकिन्स वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त श्रीमंत व्हायचं होतं आणि ते तो सगळ्यांना उघड सांगायचा. डॉब्सनना काय हवं होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, दगड दाखवायला नेलं तेव्हा. पानगळ सुरू झाली होती. दफनभूमीतून जाताना ते बायकोच्या कबरीपाशी थांबले नाहीत, फक्त चालणं हळू केलं. मागच्या झाडीत गुडघाभर उंचीचा एक करडा दगड कलंडून उभा होता, चिखलात, काटेरी वेलींच्या गुंत्यात. शेवाळ खरवडलं की दोन बाजूंना दोन अक्षरं दिसायची. ते म्हणाले, "पॅट, माझ्या आजोबांनी मला हा दाखवला आणि सांगितलं, आपण कुठले आहोत हे कोणी विचारलं तर इथे आणायचं. एवढंच आहे माझ्याजवळ." माझं नाव पास्कल, घरात पास्कू, पॅट हे त्यांनी ठेवलेलं. पुढच्या मंगळवारी सरकारचा अधिकारी आणि त्याचा मोजणीदार दगड बघायला येणार होते. आधीचे चार दिवस थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी डॉब्सन मुलीकडे जाणार होते. मी छाती काढून सांगितलं की काही काळजी करू नका, आम्ही आहोत.

आम्ही होतो, हेच तर झालं.

मी घरी येऊन पप्पांना दगडाची हकीकत सांगितली आणि पप्पांचा चेहरा बदलला. गावी ते वेशीवरच्या क्रूसाचे कारभारी होते. आमच्याकडे वेशीवर क्रूस असतो, साथीच्या काळात पूर्वजांनी उभा केलेला. मे महिन्यात त्याला सफेदी करायची, ओटा सारवायचा, झेंडूच्या माळा घालायच्या आणि संध्याकाळी सगळ्या आळीने लदीन, म्हणजे संतांची नावं घेत करायची प्रार्थना, म्हणायची. रस्ता रुंद झाला तेव्हा पप्पांनीच तो क्रूस पंधरा पावलं आत घेतला होता, फादरांच्या आशीर्वादाने, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. क्रूसाबरोबर त्याची राखणही सरकते, असा आमचा समज. पप्पांनी झाडीत जाऊन दगड पाहिला आणि त्यांना लाज वाटली, म्हाताऱ्याच्या वतीने. सरकारी साहेब येणार, पॉलिश केलेले बूट घालून, आणि वेशीचा दगड असा चिखलात, कुत्र्याने टांग वर करावी असा? "म्हातारा एकटा आहे, त्याला होत नसेल," पप्पा म्हणाले. "आपण आहोत कशाला?" मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर कल्पना माझीच, ती फक्त पप्पांच्या तोंडून आली. मला मंगळवारी डॉब्सनचं आश्चर्य बघायचं होतं. ते मला पुढे बघायला मिळालंच.

रविवारी दुपारी मिस्साचे कपडे न बदलताच कामाला लागलो. पहारीने दगड उपटला. जमिनीत तो वरच्यापेक्षा दुप्पट होता. माझी धाकटी बहीण रोझी हिच्या बर्फावरच्या घसरगाडीवर तो चढवला आणि पप्पांनी पुढून, मी मागून, असा ओढत नेला. बारा पावलं, मी मोजली. दफनभूमीच्या कुंपणालगत कोरड्या उंचवट्यावर पप्पांनी सपाट दगडांचा ओटा रचला आणि त्यावर तो ओळंब्यात उभा केला, इतका सरळ की लेथवर बसवल्यासारखा. गोठ्यातल्या चुन्याच्या पोत्यातून सफेदी केली, दोन हात. अक्षरं बुजली, पण रोझीने पाटीवरच्या खडूने ती परत काढली, जरा मोठी. आईने परसातल्या शेवटच्या झेंडूंची माळ घातली. जुना खड्डा मी बुजवला, कोणाचा पाय मुरगळू नये म्हणून, आणि वर पालापाचोळा पसरून इतका बेमालूम केला की आज सांगताना मला माझ्या हातांचा राग येतो. मग आम्ही चौघांनी गार मातीत गुडघे टेकून लदीन म्हटली. प्रॉटेस्टंट मेलेले मुकाट्याने ऐकत होते.

मंगळवारी मी शाळा बुडवली आणि टाय बांधला. पप्पा दुसऱ्या पाळीला होते, म्हणून तेही आले, मागे उभे राहिले. डॉब्सन काळा कोट घालून थेट बसवरून आलेले. अधिकारी, मोजणीदार, अॅटकिन्स आणि गावातले दहा-बारा लोक. डॉब्सन पुढे झाले आणि दफनभूमीतून झाडीकडे निघाले. कुंपणापाशी त्यांना ते पांढरं काहीतरी दिसलं असणार, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही. नवीन कबर असेल असं वाटलं असेल. झाडीत शिरले, नेमक्या जागी थांबले आणि खाली बघत राहिले. मग वळले. माळ बघितली, सफेदी बघितली, खडूची अक्षरं बघितली आणि शेवटी मला. मी हसत होतो. हे मी लिहिलंच पाहिजे: मी तोपर्यंत हसत होतो.

अॅटकिन्स डॉब्सनना म्हणाला, "अॅलेक, तू तर त्याला कॅथलिक करून टाकलंस." लोक हसले. मोजणीदार हसला नाही. त्याने टोपी मागे सारली आणि शांतपणे समजावलं, मला त्याबद्दल आजही त्याचा आदर वाटतो, की हलवलेला दगड म्हणजे नुसता दगड. दगडाची किंमत त्याच्या जागेत. डॉब्सन म्हणाले, तो इथे होता, माझ्या पायाशी. अॅटकिन्स म्हणाला, तू तसं म्हणणारच, आणि उपटायला लावणाराही तूच. तेव्हा मोजणीदाराने सांगितलं की अजून एक वाट आहे. ज्याने हा उपटला त्याने पुढे यावं, खड्डा दाखवावा आणि शपथेवर सांगावं की इथूनच काढला आणि कोणाच्या सांगण्यावरून नाही. खणून बघितलं की मातीत जुनी खूण दिसेल. तेवढं झालं तर मी ही जागा धरीन.

मग अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, कारण टाय मीच बांधला होता. "मुला, हे तुम्ही केलंत का?"

मागून पप्पांनी मराठीत विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं, शपथेवर सांगायला पाहिजे दगड आपण काढला म्हणून. पप्पांचा रंग उडाला. आमच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीला महिना राहिला होता आणि कारखान्यात कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की पोलिसात किंवा कोर्टात नाव आलं की कागद अडकतात. "शपथ? पास्कू, आपले कागद व्हायचेत रे," एवढंच ते म्हणाले. खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. पुढे वीस-पंचवीस वर्षं मी ही गोष्ट स्वतःला सांगताना त्यांच्या तोंडी आणखी दोन-तीन वाक्यं घालत असे. ती त्यांची नव्हती.

मी अधिकाऱ्याला माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत सांगितलं, "तो आधीपासून इथेच होता, सर. आम्ही फक्त रंग दिला."

डॉब्सन काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, पोरगा घाबरलाय, याला खरं बोलू द्या. ते माझ्याकडे बघत राहिले, मग पप्पांकडे, पप्पांच्या हातांकडे, ज्यांच्या नखांत अजून चुना होता. अधिकारी पुन्हा काही विचारणार तोच ते म्हणाले, "पोराला सोडा." आणि टोपी घालून निघून गेले. त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच काढला, की हे म्हाताऱ्यानेच करवलं. मीही सगळ्यांबरोबर तोच काढू दिला.

सीमा रस्त्यावर आली. नाताळनंतर शाळा बंद झाली आणि रस्त्यापलीकडची पोरं बसच्या खिडकीतून आम्हाला जीभ दाखवू लागली. आमचे कागद झाले. मुलाखत घेणाऱ्या बाईने पप्पांना फक्त पंतप्रधानांचं नाव विचारलं. डॉब्सननी आम्हाला घर सोडायला सांगितलं नाही, भाडंही वाढवलं नाही. पंप बिघडला की दुरुस्त करायला माणूस पाठवायचे. स्वतः कधी आले नाहीत. आई रविवारी फुगे तळायची, खिडकी उघडी ठेवायची, थंडीतसुद्धा, आणि सहा फुगे ताटलीत झाकून ठेवायची. एकदा ती ताटली घेऊन मलाच पाठवलं. त्यांनी दार उघडलं, ताटली घेतली, आभार मानले आणि दार लावलं. मी पायरीवर उभा राहून वाक्य जुळवत होतो. ते अजून जुळवतोय.

त्याच हिवाळ्यात एकदा शाळेला सुट्टी होती आणि दुसऱ्याच कोणाची तरी घंटी वाजली म्हणून मी फोन उचलला. अॅटकिन्सची बायको आणि दुकानवाली बोलत होत्या. चर्चच्या मंडळातून डॉब्सनना काढलं होतं. पंचेचाळीस वर्षं तो माणूस दानपेटी मोजायचा, दुकानवाली म्हणाली, आता वाटतं किती वेळा नीट मोजली असेल. दुसरी हसली. आणि मग मला टिकटिक ऐकू आली. ते ऐकत होते. त्या दोघींना कळलं नाही, किंवा कळूनही त्या थांबल्या नाहीत. मी तोंड उघडलं असतं तर तारेवरच्या सगळ्यांना एका वाक्यात खरं कळलं असतं. अशी सोय मला पुन्हा आयुष्यात मिळाली नाही. मी श्वास रोखून धरला, माझा आवाज तारेवर जाऊ नये म्हणून. बायका बोलून थकल्या आणि त्यांनी फोन ठेवले. टिकटिक तशीच चालू राहिली. ते मी आहे हे त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. शेवटी फोन आधी मीच ठेवला.

डॉब्सन गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांना बायकोशेजारी पुरलं, म्हणजे हिशेबाने परक्या काउंटीत. पप्पा-आई गेले, पप्पांनी शेवटपर्यंत हा विषय काढला नाही. रोझी म्हणते तिला फक्त खडू आठवतो. किल्बी कॉर्नर्स आता तीन सबडिव्हिजनच्या, म्हणजे नव्या वसाहतींच्या, खाली कुठेतरी आहे, अॅटकिन्सच्या पन्नास एकरांत गॅरेज असलेली एकसारखी घरं आहेत आणि त्यातल्या एकाच्या बेसमेंटमध्ये माझा चुलत पुतण्या भाड्याने राहतो. तो नवा प्रदेशही आता लोकांना नको झालाय. मोडावा की ठेवावा यावर व्हॉट्सअॅपवर रोज जुंपते, आणि ज्यांना इथे येऊन चार वर्षं झाली ते आपण मूळचे कुठले हे मला समजावतात. मी ब्रॅम्प्टनला राहतो आणि ज्येष्ठांच्या कार्यक्रमांत गोष्टी सांगतो: मी विंटर टायर उलटे कसे बसवले, शेजाऱ्याचा ड्राइव्हवे आपला समजून त्यावरचा बर्फ दोन तास कसा उपसला. पॅट अंकल म्हणून मला बरेच लोक ओळखतात. हसवायला बोलावतात.

गेल्या वर्षी लायब्ररीत 'आपल्या हद्दी' असं प्रदर्शन भरलं आणि मी सहज गेलो तर तिथे तो दगड होता, काचेत, धुतलेला. खाली कार्ड: स्थानिक जमीनमालकाने सीमेचा निर्णय आपल्या बाजूने लागावा म्हणून मूळ जागेवरून हलवलेला. डॉब्सनचं नाव दिलेलं होतं. प्रदर्शनाचं काम बघणारी हरलीन नावाची मुलगी मला ओळखत होती. मी तिला सांगितलं, हे खोटं आहे, हा मी हलवला. तिने डोळे मोठे केले आणि मी सगळं सांगितलं, घसरगाडी, चुना, लदीन. ती हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, अंकल, ही तुमची बेस्ट गोष्ट आहे, समारोपाच्या दिवशी स्टेजवर सांगाल का? मी म्हटलं, बेटा, मी मस्करी करत नाहीये, कार्ड बदला. ती लगेच गंभीर झाली, चांगली मुलगी आहे. म्हणाली, एखादा कागद, फोटो, दुसरा साक्षीदार काही आहे का? नसेल तर तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, आम्ही रेकॉर्ड करू, मग कमिटीला दाखवून बदलता येईल.

मी तयारी केली. आयुष्यात पहिल्यांदा लिहून काढलं, विनोद गाळून. समारोपाला शंभरेक लोक होते, पुढच्या रांगेत डॉब्सनची नात, तीही आता साठीची, तिला हरलीनने मुद्दाम शोधून बोलावलं होतं. मी कागद खिशातून काढला, तेवढ्यावरच पुढचे दोघे-तिघे हसले, कारण त्यांना वाटलं हाही गोष्टीचाच भाग. मी वाचायला लागलो. घसरगाडीला हसले, खडूला हसले. मी थांबून म्हटलं, हे हसण्यासारखं नाही, आणि त्याला सगळ्यात जास्त हसले. मग मी त्या मंगळवारपाशी आलो. अधिकाऱ्याने विचारलं ते सांगितलं. आणि मग म्हणालो, "तो आधीपासून इथेच होता, सर. आम्ही फक्त रंग दिला."

सभागृहात हशा उसळला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. डॉब्सनची नात हसत नव्हती. ती पुढे झुकून बसली होती, पुढचं वाक्य ऐकायला. आणि मी, तीस वर्षं लोकांना हसवण्याच्या सवयीने, हसू ओसरायची वाट बघत चेहरा भोळा करून उभा राहिलो.